आत्या साओ पावलोहून निघाली

जगात मोजता येत नाही असं काहीही नाही, असं प्रमोद कुलथे यांचं मत होतं, आणि हे मत ते दिवसातून किमान दोनदा, कुणी न विचारता, देत असत. राखोलीच्या सुताच्या कारखान्यात ते क्वालिटी विभागाचे प्रमुख. सूत म्हणजे कापसाचं नव्हे. पॉलिएस्टरचं, मुद्दाम कुरळं केलेलं, ओढलं की लांब होणारं आणि सोडलं की पुन्हा अंग चोरून बसणारं. हे सूत मोजता मोजता प्रमोदरावांचे केस गेले, पण मोजायची खोड गेली नाही. वरण पुरेसं दाट आहे का, हे ते चमचा तिरका धरून बघायचे. लग्नानंतरच्या पहिल्या होळीला अंजलीबाईंनी कौतुकाने पुरणपोळी वाढली, तर या गृहस्थांनी ती उजेडाकडे धरून जाडी सगळीकडे एकसारखी आहे का ते तपासलं होतं!

अंजलीबाईंनी त्याच दिवशी ठरवून टाकलं. या माणसाशी वाद घालायचा नाही. "बरं" म्हणायचं, आणि आपल्याला हवं ते करायचं. हे "बरं" वापरून वापरून इतकं गुळगुळीत झालं होतं, की त्याच्यावरून कुलथ्यांचा संसार घसरत घसरत, पण सुखरूप, इथवर आला होता.

तर अशा या घरात नात आली.

मुलगा अद्वैत आणि सून पल्लवी यांची ही पहिली लेक. खरं तर बाळंतपण पल्लवीच्या माहेरी, पुण्याला व्हायचं. पण डॉक्टरीणबाईंनी शेवटी शेवटी प्रवास नको म्हटलं, आणि पल्लवीच्या आईला, विजयाबाईंना, डिंकाच्या लाडवांचे डबे घेऊन सिल्वासात, आमलीतल्या या फ्लॅटवर मुक्कामाला यावं लागलं. लेकीचं बाळंतपण विहिणीच्या घरात करायचं म्हणजे दुसऱ्याच्या मैदानावर सामना खेळण्यासारखं. विजयाबाई हे विसरल्या नव्हत्या. बाळंतपण तुमच्याकडे झालं ना? मग नाव आमचं! असा त्यांचा सरळ हिशेब होता.

"कियाना," विजयाबाई म्हणाल्या.

"छान. केवढ्याची बाटली येते?" प्रमोदरावांनी विचारलं.

"कसली बाटली?"

"नाही, मला वाटलं शाम्पू आहे."

प्रमोदरावांनी स्वतः ठरवलेलं नाव होतं ऊर्णा. ऊर्णा म्हणजे लोकर. संस्कृत शब्द, प्राचीन, आणि मुख्य म्हणजे धाग्याच्या धंद्यातला!

"लोकर?" विजयाबाईंनी पदराने वारा घेतला. "सिल्वासाच्या या उकाड्यात?"

या दोघांची जुंपली की पल्लवी भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घ्यायची. बाळ मात्र खरंच झोपायचं. घरात अक्कल म्हणून जी काय होती ती त्या दोघींकडेच होती.

पण प्रमोदराव निर्धास्त होते. कारण नाव ठेवण्याचा मान आत्याचा. बारशाच्या दिवशी आत्या पाळण्यात वाकून बाळाच्या कानात कुर्रर्र करणार आणि जे नाव सांगणार ते नाव. पुढे अपील नाही. आणि आत्या होती धनश्री, प्रमोदरावांची थोरली, अतिशय लाडकी लेक. तिचा नवरा ब्राझीलमधल्या एका साखर कारखान्यात इंजिनीयर, त्यामुळे बिऱ्हाड साओ पावलोला. "बाबा, तुम्ही म्हणाल तेच नाव," असं तिने फोनवर कबूलही करून टाकलं होतं.

विजयाबाईंनीही हात बांधून ठेवले नव्हते. त्यांनी धाकटी लेक शीतल हिला रजा टाकायला लावून पुण्याहून बोलावून घेतलं होतं. "आत्या लांबची," त्या सहज म्हणाल्यासारखं म्हणाल्या, "वेळेवर नाही पोचली तर मावशी चालते. आमच्याकडे पद्धत आहे."

शीतल राखीव खेळाडूसारखी सोफ्याच्या टोकावर बसून असायची.

बुधवारी धनश्रीचा आवाज फोनवर आला. "बाबा, तिकीट मिळालं! शुक्रवारी सकाळी साडेसहाला इथून निघते. मध्ये एकदा विमान बदलायचंय. बाकी सगळं आईला पाठवते. बाळाला पापा!"

"बाकी सगळं आईला पाठवते" या वाक्याकडे प्रमोदरावांनी काडीचंही लक्ष दिलं नाही. पहिला टाका सुटला तो इथे.

"पोचणार कधी म्हणे?" विजयाबाईंनी विचारलं.

"कळेल आत्ता."

"म्हणजे फोन करून विचारताय?"

"विचारायचं?" प्रमोदराव खुर्चीतून उठलेच. "विहीणबाई, विचारतात ते इतर लोक. आम्ही मोजतो!"

"बाबा, फोनवर दोन शहरांची नावं टाकली की अंतर, वेळ, सगळं..." अद्वैतने तोंड उघडलं.

"फोनला काय कळतंय! कपाटावरचा तो पृथ्वीचा गोल काढ."

अद्वैत पाचवीत असताना आणलेला गोल खाली आला. त्याच्यावरची धूळ झटकली तेव्हा निम्मं ऑस्ट्रेलिया तिच्याबरोबर गेलं. शीतलला गोल धरायला बसवलं. आता धागा हवा. प्रमोदरावांच्या शर्टाच्या खिशात एक वेळ पेन नसेल, पण कारखान्यातल्या सुताचा नमुना असायचाच. त्यांनी तो काढला. एक टोक साओ पावलोवर ठेवलं. गोलावर सिल्वासा काही छापलेलं नव्हतं. मुंबईच्या किंचित वर नखाने खूण करून प्रमोदरावांनी ती उणीव भरून काढली.

"आता बघा. ताण! मोजण्यात सगळं महत्त्व ताणाला आहे. ढिला धागा धरून मोजणारा माणूस आमच्याकडे दुसऱ्या दिवशी घरी बसलेला असतो!"

त्यांनी धागा अटलांटिक महासागरावरून, आफ्रिकेच्या पोटावरून, अरबी समुद्रावरून असा खेचला, की शीतलच्या हातातला गोल कण्हला. सिल्वासापाशी चिमटीत पकडून धागा तिथल्या तिथे कापला. मग तो टेबलावर, फूटपट्टीशेजारी अलगद ठेवला. दिवसभर घट्ट कपडे घालून फिरलेला माणूस घरी येऊन लुंगी नेसतो, तसा तो धागा पट्टीशेजारी विसावला.

गोलाच्या बुडाशी छापलेल्या प्रमाणाने प्रमोदरावांनी गुणाकार केला. "नऊ हजार किलोमीटर!"

"एवढंच?" विजयाबाई म्हणाल्या. "मला वाटत होतं ब्राझील बरंच लांब आहे."

"सगळ्यांना तसंच वाटतं. मोजलं की भीती जाते."

पुढचं गणित त्यांनी तोंडीच केलं. विमानाचा वेग ताशी नऊशे. म्हणजे दहा तास. विमान बदलायला दोन. तिकडचं घड्याळ आपल्या साडेआठ तास मागे. ते धरायला ते विसरले नाहीत, आणि आपण विसरलो नाही हे सगळ्यांना सांगायलाही विसरले नाहीत. एकूण काय, धनश्री शनिवारी पहाटे तीनला मुंबईत उतरणार आणि चहाच्या वेळेला आमलीत!

"तेव्हा बारसं शनिवारीच. बाराव्या दिवशी बारा वाजता!"

विजयाबाईंनी उभा जन्म बँकेत कर्जाचे अर्ज तपासण्यात घालवला होता. समोरचा माणूस किती ठासून बोलतोय यावरून तो किती बुडवणार हे त्यांना बरोबर कळायचं. त्यांनी हळूच चष्मा पुसला.

"बारा म्हणजे बारा ना, प्रमोदराव?"

"बारा म्हणजे बारा."

"आणि बाराला आत्या हजर नसली तर?"

"नसली तर? तर मावशीने खुशाल नाव ठेवावं! कियाना ठेवा नाहीतर कंडिशनर ठेवा, पाळणा मी स्वतः हलवीन! अंजली, ऐकलंस ना?"

"बरं," स्वयंपाकघरातून आवाज आला.

माणसाला एकदा जिंकल्यासारखं वाटायला लागलं की तो एका ठिकाणी थांबत नाही. प्रमोदरावांनी मोर्चा पाळण्याकडे वळवला. अद्वैतच्या वेळचा लाकडी पाळणा माळ्यावरून निघाला, पण दोरी कुजली होती. बाळ-बाळंतिणीला तेल लावायला येणाऱ्या मंजुळाबाई शिरपूरकडच्या. त्या म्हणाल्या, "साहेब, बजारमाईन सुती दोरी लई या. पक्की ऱ्हास."

"बाजारातली दोरी? माझ्या नातीला? अहो, अर्ध्या जगाला सूत आम्ही पुरवतो!"

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून दोरी आली. आपल्याच सुताचे पदरावर पदर घेऊन विणलेली, अंगठ्याएवढी जाड, गुलाबी, आणि अशी चकचकीत की नवरीच्या हातात द्यावी. प्रमोदरावांनी ती सगळ्यांच्या नाकापुढून फिरवली. "हत्ती बसवा पाळण्यात! तुटणार नाही!"

तुटली नाहीच ती. तेवढं त्यांचं खरं ठरलं.

शुक्रवारचा दिवस अंजलीबाईंनी फोनवर काढला. स्वयंपाकघरात, दार लोटून, एकामागून एक.

"आमंत्रणं झाली?" प्रमोदरावांनी विचारलं.

"झाली."

"वेळ नीट सांगितलीस ना?"

"अगदी नीट सांगितली."

संध्याकाळी नारायणला बोलावलं. नारायण जवळच्याच अथाल गावचा. त्याची स्वतःची गाडी होती आणि कुलथ्यांकडची सगळी भाडी तोच करायचा. प्रमोदरावांनी त्याला सूचना दिल्या. रात्री दहाला निघायचं, तीनला विमानतळ, ताईच्या नावाची पाटी उंच धरायची. नारायण प्रत्येक सूचनेला "व्हय साहेब" म्हणाला. तो खाली उतरला तेव्हा अंजलीबाई त्याच्या मागोमाग गेल्या, बराच वेळ काहीतरी बोलल्या, आणि त्यांनी त्याच्या हातात चांगला चार पुडांचा डबा दिला. प्रमोदराव गॅलरीतून बघत होते.

"एवढा मोठा डबा कशाला?" बायको वर आल्यावर त्यांनी विचारलं.

"दुपारी भूक लागली तर?"

"दुपारी तो इथे बारशाला जेवणार आहे!"

"बरं."

शनिवारी सकाळी प्रमोदरावांना जाग आली ती नारायणला फोन लावण्यासाठीच.

"काय रे, आली का ताई?"

"नाय साहेब. अजून नाय आली."

"अशी कशी नाही आली? नीट बघ!" आणि मग प्रमोदराव थबकले. "नारायण, हा कोंबडा कसला आरवतोय?"

पलीकडे नारायण खाकरला. मग कोंबडा पुन्हा एकदा, मनापासून, आरवला.

"कुणीतरी कोंबडा घेऊन चाललंय साहेब. दुबईला."

"कोंबड्याला विमानात घेतात?"

"तिकीट काढलं असंल त्याचं."

एरवी प्रमोदरावांनी या उत्तराची चिरफाड केली असती. पण डोक्यात ब्राझील असल्यामुळे कोंबडा निसटला.

नऊच्या चहालाही धनश्री नव्हती. विजयाबाईंनी तिच्यासाठी मांडलेली बशी शांतपणे उचलून ठेवली.

"उलटा वारा लागला असेल," प्रमोदराव म्हणाले.

"ब्राझीलपासून इथपर्यंत सगळा उलटाच?"

प्रमोदरावांनी गॅलरीत जाऊन धनश्रीला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. मग नारायणला.

"साहेब, ताई नाय आली."

"आणि हा ट्रकचा आवाज?"

"विमानात डिझेल भरायला आलेत साहेब!" नारायण ओरडला, आणि फोन तुटला.

साडेअकराला सोसायटीच्या हॉलमध्ये पाळणा टांगून तयार होता. गुलाबी दोरी झळकत होती, फुगे होते, झेंडूच्या माळा होत्या. नव्हती ती माणसं. मांडलेल्या खुर्च्या एकमेकींकडे बघत बसल्या होत्या. मागच्या खोलीतून ना मसालेभाताचा वास, ना आचाऱ्याचा आवाज.

"अगं, पाहुणे?"

"येतील."

"आणि आचारी?"

"तोही येईल."

विजयाबाई मात्र पैठणी नेसून, नथ घालून, अर्ध्या तासापूर्वीच पाळण्यापाशी स्थानापन्न झाल्या होत्या. शेजारी शीतल कुर्रर्रची तालीम करत होती. थंडीच्या दिवसांत रिक्षा सुरू होत नाही तेव्हा जसा आवाज येतो, तसा तिचा कुर्रर्र येत होता. प्रमोदराव दाराशी येरझाऱ्या घालत होते. प्रत्येक गाडीच्या आवाजाला मान वळत होती. भाजीचा टेम्पो आला. पाण्याचा टँकर आला. आत्या आली नाही.

"बारा वाजले हं, प्रमोदराव."

"नाही, नाही! ते घड्याळ पुढे आहे."

"माझ्या हातातलंही बाराच दाखवतंय."

"पण त्याचं कॅलिब्रेशन कधी झालंय?"

"तुमचं कधी झालं होतं?" विजयाबाईंनी विचारलं.

आयुष्यात पहिल्यांदा प्रमोदरावांना काहीही मोजावंसं वाटलं नाही. पण शब्द दिला होता. तोही सगळ्यांसमोर, तोही कंडिशनरसकट!

"करा सुरुवात," ते खोल आवाजात म्हणाले.

रीत अशी, की बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा घालायचा. त्याला झबलं-टोपडं चढवायचं, काजळाची तीट लावायची, आणि तो म्हणजे गोपाळ. मंजुळाबाईंनी घरचा काळाभोर वरवंटा नटवून आणला होता. तो बाळापेक्षा जड आणि बाळापेक्षा शांत होता. त्यांनी तो पाळण्यात निजवला, झोका दिला, आणि त्या मागे सरकल्या.

पाळणा एकदा पुढे गेला. एकदा मागे गेला. आणि मग खाली निघाला.

घाई नाही, गडबड नाही. कचेरीतली लिफ्ट उतरते तसा, रुबाबात. गुलाबी दोऱ्या लांब होत होत्या, लांब होत होत्या. सगळ्यांच्या माना त्याच वेगाने खाली झुकत होत्या.

"साहेब," मंजुळाबाईंनी तोंडावर हात ठेवला, "पाळना खाले चालना!"

पाळणा सतरंजीला टेकला. टपकन नव्हे. हलकेच, पाहुणा जाजमावर बसतो तसा. टोपड्यातून वरवंटा छताकडे बघत होता.

"काढा, काढा तो वरवंटा!" प्रमोदराव ओरडले.

मंजुळाबाईंनी वरवंटा उचलला मात्र, पाळणा सुटला तो झपकन वर! आणि वर जाऊन असा काही नाचायला लागला की दोन फुगे फुटले. त्या आवाजाने बाळ जागं झालं आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत त्याला घेऊन बसलेल्या पल्लवीला झोपेचं सोंग सोडून उठावं लागलं.

हॉलमध्ये सगळे त्या नाचणाऱ्या पाळण्याकडे बघत होते. प्रमोदराव बघत होते दोरीकडे. त्यांचा हात आपोआप खिशात गेला. नमुन्याचा धागा बाहेर आला. त्यांनी तो ओढला. लांब झाला. सोडला. आखडला. पुन्हा ओढला. पुन्हा सोडला. हेच तर गुण! हेच गुण सांगून त्यांच्या कारखान्याने अर्ध्या जगाला सूत विकलं होतं. याच गुणांचे दाखले त्यांच्या सहीने जात होते.

अद्वैत हळूहळू जवळ आला.

"बाबा... परवा गोलावर मोजलंत, तो धागा हाच?"

प्रमोदरावांनी धागा घाईघाईने खिशात कोंबला.

"तो लॉट वेगळा होता," ते म्हणाले.

विजयाबाईंना आधी कळलं नाही. मग कळलं. मग त्या नथ सावरत अशा हसल्या की शेवटी त्यांना खुर्ची धरावी लागली. "म्हणजे गोलावर ब्राझील होतं तिथेच होतं, आणि टेबलावर आणून ठेवलंत तेव्हा आखडलं होय! अहो प्रमोदराव, तीन-चार हजार मैल तुमच्या खिशात राहिले की हो!" डोळे पुसून त्या पुन्हा ताठ झाल्या. "असू दे. पाळणा नाही तर नाही. मांडीवर घेऊनही नाव ठेवता येतं. शीतल, घे बाळाला."

शीतल पुढे झाली. पल्लवीने सासऱ्यांकडे पाहिलं. प्रमोदराव पाळण्याची दोरी धरून उभे होते, आणि ती त्यांच्या हातातही लांबत होती.

"घ्या," ते म्हणाले. "मी शब्द दिलाय." आणि मग, अगदी हळू, स्वतःशीच, "ऊर्णा चांगलं नाव होतं."

तेव्हा मागच्या खुर्चीवरून अंजलीबाई उठल्या.

"विजयाताई, नाव ठेवायचं खरं, पण ऐकायला कोण आहे?"

विजयाबाईंनी हॉलभर नजर फिरवली. रिकाम्या खुर्च्या.

"पाहुण्यांना मी साडेसहाचं सांगितलंय. संध्याकाळच्या. आचारी चारला येईल. धनश्री एकला मुंबईत उतरते, सहापर्यंत इथे."

"तुला कसं माहीत?" प्रमोदरावांनी विचारलं.

"तिने बुधवारीच तिकीट पाठवलंय माझ्या फोनवर. वेळ छापलेली असते हो त्याच्यावर."

"आणि नारायण? बिचारा पहाटे तीनपासून..."

"नारायण साडेआठला घरून निघाला. कोंबडा त्याचाच."

प्रमोदराव मटकन बसले. ती खुर्चीही जरा खाली गेली, पण ती मुळातच मोडकी होती.

"पण अंजलीताई," विजयाबाईंनी शेवटचा जोर लावला, "बारा म्हणजे बारा ठरलं होतं!"

"ठरलं होतं ना. म्हणून तर बारा वाजता आपण सगळे नटून आलो." अंजलीबाई गोड हसल्या. "पण असं रिकाम्या हॉलमध्ये नाव ठेवलं, तर पुण्याला गेल्यावर तुमच्याच नणंदा विचारतील, काय गं, तुझ्या नातीच्या बारशाला चिटपाखरूही नव्हतं? मग काय सांगणार तुम्ही?"

नणंदांचं नाव काढताच विजयाबाईंची नथ हलायची थांबली. कर्जाचे इतके अर्ज तपासले, पण असा चारी बाजूंनी बंद केलेला कागद त्यांच्या हातात कधी पडला नव्हता. त्यांनी शीतलला मागे बसायची खूण केली आणि मनातल्या मनात विहिणीला नमस्कार केला.

"मला आधी का नाही सांगितलंस?" प्रमोदरावांनी बायकोला कोपऱ्यात गाठून विचारलं.

"सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, विमान कंपनीचं चुकलंय."

प्रमोदरावांनी प्रामाणिकपणे विचार केला. म्हणाले असते.

दुपारी आमलीच्या बाजारातून सुती दोरी आली. मंजुळाबाईंनी स्वतः गाठी मारल्या, वरवंटा घालून बघितला, आणि साहेबांकडे नुसतं पाहिलं. तेच जास्त लागलं.

सहाच्या सुमाराला नारायणची गाडी फाटकातून आत शिरली. धनश्री उतरली. केस विस्कटलेले, पाय सुजलेले, आणि चेहऱ्यावर दोन विमानांतली झोप एकावर एक चढलेली. तिने आधी आईच्या गळ्यात, मग वडिलांच्या गळ्यात हात टाकले.

"दमले हो बाबा! तुम्ही म्हणे बारा तासांत पोचवणार होतात मला?"

"प्रवास बरा झाला ना?" प्रमोदराव म्हणाले आणि बॅगा उचलायला धावले.

साडेसहाला हॉल भरला. मसालेभाताचा वास सुटला. राखोलीहून अर्धा क्वालिटी विभाग आला होता. पाळणा सुती दोरीवर नुसता झुलत होता, उतरत नव्हता. बायकांनी पाळणे म्हटले. आणि मग तो क्षण आला. धनश्री पाळण्यात वाकली. विजयाबाईंनी पदर घट्ट धरला. प्रमोदरावांनी खिशातला धागा घट्ट धरला. अद्वैतने फोन वर धरला.

"कुर्रर्र..." धनश्रीने बाळाच्या कानात काहीतरी सांगितलं, पाठीवर बायकांचे धपके खाल्ले, आणि ताठ उभी राहिली.

"दूर्वा!"

"वा!" हॉलमधून एकदमच आलं. पल्लवी इतकी खुलली की बाराव्या दिवसाची बाळंतीण वाटेना. "दूर्वा," ती पुन्हा पुन्हा म्हणून बघत होती, "दूर्वा अद्वैत कुलथे!"

फक्त दोन माणसं एकाच वेळी "पण..." म्हणाली. एक प्रमोदराव, दुसऱ्या विजयाबाई. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बारा दिवसांत पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं होतं.

"अगं, पण ऊर्णा ठरलं होतं ना आपलं?" प्रमोदराव पुटपुटले.

"होतं ना बाबा! निघाले तेव्हा ऊर्णाच होतं. पहिल्या विमानातून उतरेपर्यंतसुद्धा ऊर्णाच होतं." धनश्रीने वडिलांच्या हातातला धागा काढून घेतला आणि बोटाला गुंडाळला. "तुमच्या हिशेबाने पोचले असते तर पोरीचं नाव ऊर्णाच पडलं असतं. पण अंतर निघालं पावणेचौदा हजार किलोमीटर! एवढा वेळ एका जागी बसलं की माणूस विचार करायला लागतो हो."

सोमवारी सकाळी विजयाबाई आणि शीतल पुण्याला निघाल्या. नारायणची गाडी खाली उभी होती. डिंकाच्या लाडवांचे रिकामे डबे डिकीत गेले. विजयाबाईंनी दूर्वाचा पापा घेतला, अंजलीबाईंना मिठी मारली, आणि गाडीत बसता बसता काच खाली केली.

"काय प्रमोदराव, पुण्याला पोचायला किती वेळ लागेल आम्हाला?"

प्रमोदरावांचा हात खिशाकडे निघाला.

"अहो," अंजलीबाई म्हणाल्या.

हात वाटेतच वळला आणि त्याने डोक्यावर नसलेले केस सारखे केले.

"नारायणला विचारा," ते म्हणाले.

नारायणने पाच तास सांगितले. गाडी फाटकाबाहेर पडली. ती वळणावर दिसेनाशी झाल्यावर प्रमोदरावांनी इकडेतिकडे पाहिलं आणि अद्वैतच्या कानाशी लागून हळूच म्हणाले, "सात लागतील. लिहून ठेव."

विजयाबाईंना पुण्याला पोचायला बरोबर सात तास लागले. पोचल्यावर त्यांनी अंजलीबाईंना फोन केला, तेव्हा ते सांगितलंही.

"बरं," अंजलीबाई म्हणाल्या. आणि घरात कुणालाही सांगितलं नाही.